कँडलस्टिक खरंच इतकं वाईट होतं का?

मिलपिटासकर

सॅन फ्रान्सिस्कोत बेसबॉलचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "सुटलो बाबा त्या कँडलस्टिकमधून!" म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांनी ते आतून पाहिलेलंही नसतं. मी नव्वदच्या दशकात इथे आलो आणि बेसबॉल शिकलो तो कँडलस्टिकच्या वरच्या मजल्यावर, सगळ्यात स्वस्त तिकिटात. म्हणून आज त्या मैदानाची वकिली करतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जायंट्स ही आमची बेसबॉल टीम १९५८ मध्ये न्यूयॉर्क सोडून इथे आली. दोन हंगाम त्यांनी सील्स स्टेडियम या छोट्या मैदानावर काढले आणि १२ एप्रिल १९६० ला कँडलस्टिक पार्क सुरू झालं. बांधलं होतं बेसबॉलसाठी. आउटफिल्डची बाजू उघडी, पलीकडे खाडी. मग १९७१ मध्ये अमेरिकन फुटबॉलवाले फोर्टीनायनर्स केझर स्टेडियम सोडून तिथे आले आणि त्यांच्या गर्दीसाठी चहूबाजूंनी गॅलऱ्या उभारून मैदान बंद करून टाकलं. खाडी दिसेनाशी झाली. त्याच्या आदल्या वर्षी गवत काढून प्लास्टिकची हिरवळ अंथरली होती, ती १९७९ च्या हंगामापूर्वी निघाली. जायंट्स १९९९ पर्यंत तिथे खेळले आणि २००० पासून डाउनटाउनजवळच्या नव्या मैदानावर गेले, ज्याला आज ओरॅकल पार्क म्हणतात.

माझं म्हणणं: कँडलस्टिकची वाट वाऱ्याने लावली नाही, भागीदारीने लावली. नवं मैदान चांगलं वाटतं कारण ते एकट्या बेसबॉलचं आहे. पटतंय का?

टवाळ

रुमाल टाकून ठेवतो. कँडलस्टिकचा धागा आहे म्हटल्यावर शालच टाकतो.

अभ्यासू_आत्या

मिलपिटासकर, अजिबात पटलं नाही. फुटबॉल १९७१ ला आला, वारा पहिल्या दिवसापासून होता.

१९६१ चा ऑल-स्टार (निवडक खेळाडूंचा) सामना आठवा. नवव्या इनिंगमध्ये जायंट्सचाच स्टू मिलर चेंडू टाकायच्या तयारीत उभा होता, वाऱ्याचा झोत आला, तो किंचित हलला आणि पंचांनी बॉक दिला. पेपरवाल्यांनी वाऱ्याने पिचर (चेंडू टाकणारा) उडवून नेल्याच्या बातम्या रंगवल्या. बिचारा मिलर पुढे जन्मभर सांगत राहिला की मी फक्त डुललो होतो. तेव्हा मैदानात फुटबॉलचा मागमूस नव्हता.

दुसरी गोष्ट. थंडी इतकी असणार हे बांधणाऱ्यांनाही ठाऊक होतं, म्हणून काही खुर्च्यांखालच्या काँक्रीटमध्ये गरम पाण्याचे पाइप घातले होते. ते चाललेच नाहीत. मेल्विन बेली नावाच्या नामांकित वकिलांचे पाय त्या जागेवर गारठले. त्यांनी १९६२ मध्ये जायंट्सवर खटला भरला आणि सीझन तिकिटांचे पैसे वसूल केले! भागीदारी सुरू व्हायच्या नऊ वर्षं आधी.

दोष जागेचा. मागे टेकडी, पुढे खाडी. पश्चिमेकडून आलेला वारा टेकडी ओलांडून मैदानात उतरतो आणि तिथेच गरगरत राहतो. ती जमीन चार्ल्स हार्नी या कंत्राटदाराची होती, त्याने ती शहराला विकली आणि बांधकामाचं कंत्राटही त्यालाच मिळालं. पुढे ग्रँड ज्युरीची चौकशी झाली. बाकी तुम्ही सुज्ञ आहात.

क्रिकेटवेडा

बॉक म्हणजे नो-बॉलच ना?

सनीवेलचा_सदा

@क्रिकेटवेडा, साधारण. पिचरने चेंडू टाकायची हालचाल सुरू केली की मध्येच थांबायचं नाही. थांबला तर बेसवर (धाव घेताना मध्ये थांबायच्या ठाण्यांवर) उभे असलेले सगळे एकेक बेस पुढे जातात. धावणाऱ्याला हूल देता येऊ नये म्हणून हा नियम. वाऱ्याला सूट नाही.

आता मूळ मुद्दा. मी आत्या आणि मिलपिटासकर यांच्या मध्ये उभा आहे. (इथेही वारा लागतोय.)

बेसबॉलचं मैदान पंख्यासारखं उलगडतं. एका कोपऱ्यात होम प्लेट (बॅट घेऊन उभं राहायची जागा), तिथून दोन रेषा काटकोनात निघतात आणि प्रेक्षकाची नजर सारखी त्या कोपऱ्याकडे असते. अमेरिकन फुटबॉल म्हणजे सरळ आयत, नजर मधल्या रेषेवर. दोन्हींसाठी एकच वाडगा बांधायचा तर खुर्च्या कोणाकडे तोंड करून लावायच्या? कँडलस्टिकला उजव्या बाजूच्या गॅलरीचा भाग आतबाहेर सरकवायचे. तरी बेसबॉलला कित्येक खुर्च्या भलतीकडे बघायच्या, आणि सप्टेंबरात फुटबॉलचे खेळाडू बेसबॉलच्या मातीत आपटायचे.

गर्दीचं गणितही उलटं. बेसबॉलचे घरचे सामने वर्षाला ८१, त्याला ४० हजार खुर्च्या पुष्कळ. फुटबॉलचे आठ-दहा, पण प्रत्येकाला ७० हजार माणूस. म्हणजे मंगळवारच्या रात्री बेसबॉलला १० हजार लोक आले की मैदान ओस पडल्यासारखं वाटणार. सकाळी मुंज आणि संध्याकाळी रिसेप्शन एकाच हॉलमध्ये केलं की दोन्हीकडचे पाहुणे नाराज, तसा प्रकार.

हे कँडलस्टिकपुरतं नव्हतं. साठ-सत्तरच्या दशकात शहरांनी अशी जोडमैदानं धडाधड बांधली: वॉशिंग्टनचं आरएफके, न्यूयॉर्कचं शे, सेंट लुईसचं बुश, पिट्सबर्गचं थ्री रिव्हर्स, सिनसिनाटीचं रिव्हरफ्रंट, फिलाडेल्फियाचं व्हेटरन्स. एकाचा फोटो काढून दुसऱ्याचं नाव लिहिलं तरी चालेल इतकी सारखी. १९९२ मध्ये बाल्टिमोरला कॅम्डेन यार्ड्स झालं, एकट्या बेसबॉलसाठी, विटांचं, शहराच्या मध्यात. त्यानंतर सगळ्यांना तसंच हवं झालं.

शुभदा_ओकलंड

इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहितेच.

कँडलस्टिकला कोणी काहीही म्हणो, १७ ऑक्टोबर १९८९ ला ते उभं राहिलं. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा तिसरा सामना, खाडीच्या या तीरावरचे जायंट्स विरुद्ध त्या तीरावरचे ओकलंडचे ए'ज. संध्याकाळी ५ वाजून ४ मिनिटांनी ६.९ तीव्रतेचा लोमा प्रिएटा भूकंप झाला. आत ६२ हजार माणसं. टीव्हीवर थेट प्रक्षेपण चालू होतं, चित्र थरथरलं आणि गेलं. पण मैदान पडलं नाही आणि सगळे शांतपणे बाहेर पडले.

आम्ही तेव्हा नुकतंच ओकलंडमध्ये बिऱ्हाड केलं होतं. नवऱ्याला बेसबॉलचं ओ की ठो कळत नव्हतं, पण ऑफिसातले सगळे सामना बघायला लवकर निघाले म्हणून हाही निघाला. एरवी त्या वेळी तो ओकलंडमधल्या सायप्रस नावाच्या दुमजली महामार्गावर असायचा. वरचा मजला खालच्यावर कोसळून तिथे एका ठिकाणी ४२ माणसं गेली. सामन्यामुळे रस्त्यावर गर्दी कमी होती, नाहीतर आकडा कुठे गेला असता सांगता येत नाही. सिरीज दहा दिवस थांबली, मग ए'जनी सलग चारही सामने जिंकून संपवली. आमच्याकडे ते कोणाला आठवतही नाही.

टवाळ

शुभदाताई, यावर विनोद सुचत नाही. थांबतो.

निवांत

भूकंपाचा स्टेडियमच्या राजकारणाशी थेट संबंध आहे. नव्या मैदानासाठी शहराने पैसे द्यावेत का, यावर १९८७ मध्ये मतदान झालं, लोक नाही म्हणाले. १९८९ चं मतदान होतं नोव्हेंबरमध्ये, म्हणजे भूकंपानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी. खाडीवरचा पूल तुटलेला, घरं पडलेली, तरी प्रस्ताव थोडक्या मतांनी हरला! मग १९९० मध्ये सँटा क्लारा आणि १९९२ मध्ये सॅन होजेच्या मतदारांनीही नकार दिला. मालक बॉब लुरी वैतागले आणि टीम फ्लोरिडात टँपा बेला विकायला निघाले. बाकीच्या मालकांनी ती विक्री अडवली, पीटर मॅगोवन यांच्या गटाने १० कोटी डॉलरला टीम घेतली आणि स्टार बॅटर बॅरी बाँड्सला आणलं.

मॅगोवन यांची हुशारी इथे आहे. त्यांनी लोकांकडे पैसे मागितलेच नाहीत. मार्च १९९६ मध्ये मतदान झालं ते फक्त बांधकामाच्या उंचीच्या नियमात वगैरे सूट द्यावी का, एवढ्यावर. साधारण ६६ टक्के लोक हो म्हणाले. खर्च आला ३५ कोटी ७० लाख डॉलर. त्यात १७ कोटी बँकेचं कर्ज, ५ कोटी मैदानाला २४ वर्षं आपलं नाव देण्याबद्दल पॅसिफिक बेल या टेलिफोन कंपनीकडून, शिवाय खुर्चीवरचा कायमचा हक्क विकून आलेले पैसे. १९६२ च्या डॉजर स्टेडियमनंतर खासगी पैशांतून उभं राहिलेलं हे पहिलंच मोठं बेसबॉल मैदान.

तेव्हा चर्चा खेळ एक की दोन याची नाही. पैसा कोणाचा, ही आहे. करदात्याच्या पैशातून बांधलं की एकात दोन बसवायचा मोह होणारच.

कोथरूडचा_कट्टा

@निवांत, 'खासगी पैशांतून' हे जरा जपून. जमीन बंदर खात्याची, लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर. आसपासच्या सुविधांसाठी वाढीव करातून रक्कम दिली गेली ती वेगळी. बाकी शहरांनी मालकांचे जे लाड केले त्यापुढे हे काहीच नाही, हे मान्य.

आणि आपल्याकडची गंमत आठवा. मुंबईत ब्रेबॉर्न असताना तिकिटांच्या वाटपावरून क्लब आणि असोसिएशनचं फाटलं आणि हाकेच्या अंतरावर वानखेडे उभं राहिलं, १९७५ च्या जानेवारीत तिथे कसोटी झालीसुद्धा. तिथे ना वारा, ना फुटबॉल. नुसती पास मिळण्याची मारामारी.

गोंयकार

जोडमैदानाचा अनुभव आमच्या मडगावला आहे. फातोर्डा मुळात फुटबॉलचं, तरी १९८९ च्या नेहरू कपपासून तिथे वनडे होत. २०१० मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया वनडे पावसात वाहून गेली. आता ते पुन्हा फुटबॉलचं झालंय आणि आम्ही सुखी आहोत. गोव्यात बॉल पायानेच मारायचा असतो.

टवाळ

परत आलो. कँडलस्टिकबद्दल एक सांगायचं राहिलं. जादा इनिंगपर्यंत लांबलेला रात्रीचा सामना शेवटपर्यंत बघणाऱ्याला जायंट्स शौर्यपदक द्यायचे! 'क्र्वा द कँडलस्टिक' नावाचा बिल्ला, अक्षरांवर बर्फ साचलेला आणि खाली लॅटिनमध्ये 'आलो, पाहिलं, वाचलो'. आणि १९८४ मध्ये तर त्यांनी एक खेकडा आणला, क्रेझी क्रॅब, ज्याची हुर्यो उडवावी म्हणूनच तो आणला होता. लोकांनी इतकं मनावर घेतलं की त्याच्या अंगावर वस्तू फेकायला लागले. एक हंगाम टिकला बिचारा.

डोंबिवली_ते_डब्लिन

कॅलिफोर्नियातलं डब्लिन बरं का, आयर्लंडवाल्यांनी जवळीक साधू नये.

इतिहास तुम्ही सांगताय, मी कामाचं सांगतो. ओरॅकल पार्कला उजव्या भिंतीखाली खाडीच्या कडेने पायवाट आहे. तिथे भिंतीत जाळीच्या कमानी आहेत, त्यातून सामना फुकट दिसतो. गर्दी असेल तर तीन इनिंगनंतर जागा सोडावी लागते. आईबाबा आले की मी त्यांना तिकडे नेतो. बाबांना खेळ समजत नाही, पण फुकट आहे म्हटल्यावर तीनही इनिंग हलले नाहीत. कॅलट्रेन या लोकल गाडीचं शेवटचं स्टेशन चालत पाच मिनिटांवर, त्यामुळे पार्किंगचा खर्चही नाही. कँडलस्टिकला गाडीशिवाय जाऊन दाखवा कोणी.

सनीवेलचा_सदा

@डोंबिवली, त्या भिंतीची उंची माहीत आहे का? २४ फूट, कारण जायंट्सचा थोर खेळाडू विली मेझ याचा नंबर २४. पत्ताही २४ विली मेझ प्लाझा, आणि पुतळ्याभोवती माडासारखी २४ झाडं. भिंत उंच ठेवण्यामागे कारणही आहे. जागा चिंचोळी, उजव्या टोकाला पाणी, म्हणून त्या बाजूची सीमा अवघी ३०९ फूट. नियम ३२५ चा, त्यांनी खास सूट मिळवली. भिंतीपलीकडे मकोव्ही कोव्ह हा खाडीचा छोटा फाटा. बाँड्सने तिथे ३५ होम रन (आपल्या षटकारासारखे, मैदानाबाहेर जाणारे फटके) थेट पाण्यात टाकले. लोक कयाक (छोट्या होड्या) घेऊन चेंडू झेलायला थांबतात.

टवाळ

सुरुवातीला पाण्यातले चेंडू आणायला पोर्तुगीज वॉटर डॉग जातीची कुत्री ठेवली होती, खोटं नाही. आमच्या गल्लीत चेंडू विहिरीत गेला की मलाच उतरवायचे.

पोटोबा

लसूण घातलेल्या फ्रेंच फ्राइजबद्दल कोणीच बोललं नाही, निषेध. सुरुवात कँडलस्टिकपासूनची बरं. वास दोन गॅलऱ्या ओलांडून येतो. दर मात्र नव्या मैदानाचे. चौघांचं कुटुंब, तिकीट, फ्राइज, दोन बिअर, एक टोपी, झाला महिन्याचा किराणा. मिलपिटासकरांच्या स्वस्त तिकिटाचा मुद्दा कोणी उचलत नाही, तो महत्त्वाचा आहे. जुनं मैदान गारठलेलं होतं, पण कामगार माणसाला परवडायचं.

जर्सीची_नलू

अवांतर: न्यूयॉर्कच्या मेट्सचीही हीच कथा. शे स्टेडियम मेट्स आणि फुटबॉलच्या जेट्सचं सामायिक, ते पाडून शेजारी सिटी फील्ड. तिथेच नोव्हेंबर २०१५ मध्ये सचिन आणि वॉर्नच्या टीमचा क्रिकेट सामना झाला, बाहेरून तयार खेळपट्टी आणून बसवली होती. पुढचे दोन ह्यूस्टन आणि लॉस एंजेलिसला, तेही बेसबॉल मैदानांवरच. आम्ही सगळे निळे टी-शर्ट घालून 'सच्चिन, सच्चिन' ओरडत होतो. सीमारेषा एका बाजूला इतकी जवळ की गोलंदाजांची दया येत होती. म्हणजे बेसबॉलच्या एकट्या घरातही पाहुणा येतोच.

क्रिकेटवेडा

नलूताई, आमच्याकडे त्याहून भारी! ओकलंड कॉलिझियममध्ये जून २०२५ ला मेजर लीग क्रिकेट झालं. सॅन फ्रान्सिस्को युनिकॉर्न्स टीमच्या फिन अ‍ॅलनने १९ षटकार मारून १५१ केले. अर्धं फ्रीमॉन्ट आलं होतं.

शुभदा_ओकलंड

आणि ते मैदान मोकळं का होतं ते सांगा ना. ए'ज गेले म्हणून. आमचं कॉलिझियमही १९६६ पासून जोडमैदान. फुटबॉलचे रेडर्स १९८२ मध्ये लॉस एंजेलिसला गेले, १९९५ ला परत आले, आणि त्यांच्यासाठी आउटफिल्डमागे असा राक्षसी गॅलरीचा डोंगर बांधला की ओकलंडच्या टेकड्या दिसेनाशा झाल्या. ज्यांच्यासाठी बांधला ते रेडर्स २०२० ला लास व्हेगासला पळाले. मागे राहिला डोंगर, मग २०२४ च्या सप्टेंबरात ए'जही गेले. मिलपिटासकरांची भागीदारीची थिअरी तपासायची तर कॉलिझियमवर तपासा. तिथे वाऱ्याचं निमित्त नाही.

मिलपिटासकर

शुभदाताई, हा पुरावा माझ्या बाजूने धरतो.

आत्या, वारा आधीपासून होता यावर वाद नाहीच. पण १९६० मध्ये त्याच वाऱ्यात जवळपास १८ लाख लोक आले. मैदान बंद केल्यावर, १९७४ मध्ये, वर्षभरात फक्त सव्वापाच लाख. मैदान बंदिस्त झालं की वारा अडेल असं सांगितलं होतं. तो अडला नाही, नुसता आत कोंडला गेला. आणि लोकांना ते मैदान नकोसं असतं तर २००४ मध्ये त्यांनी मैदानाला दिलेली कंपन्यांची नावं काढून 'कँडलस्टिक' परत आणण्यासाठी मत दिलं असतं का?

अभ्यासू_आत्या

आकडे खरे, निष्कर्ष कच्चा. १९६८ मध्ये ए'ज ओकलंडला आले आणि प्रेक्षक वाटले गेले. १९७२ ते १९७४ सलग तीन वर्ल्ड सिरीज त्यांनीच जिंकल्या. १९७२ मध्ये जायंट्सनी विली मेझला न्यूयॉर्कला देऊन टाकलं. पलीकडे विजेती टीम, इकडे मेझ नाही, वर थंडी. कोण येणार? नावाचं मतदान झालं तेव्हा तर जायंट्सना तिथून जाऊन पाच वर्षं झाली होती. न जाता आठवण काढायला काय जातं!

नव्या मैदानाबद्दल मात्र एक सांगते. तेही खाडीवरच आहे, वारा तिथेही आहे. फरक एवढाच की या वेळी बांधायच्या आधी विचारलं. डेव्हिसच्या विद्यापीठात प्राध्यापक ब्रूस व्हाइट यांनी प्रतिकृतीवर वारा सोडून पाहिला आणि मैदानाची दिशा फिरवायला लावली. डाउनटाउनच्या इमारती समोर दिसाव्यात असा मूळ विचार होता, तो सोडला. आता मुख्य गॅलरीची पाठ वाऱ्याकडे आहे. पहिल्या वर्षी ३३ लाख लोक आले. एकट्या बेसबॉलसाठी बांधूनही दिशा चुकली असती तर तुम्ही आज याच धाग्यात ओरॅकल पार्कला शिव्या देत असता.

निवांत

आत्यांना +१. फोर्टीनायनर्सना २०१४ मध्ये सँटा क्लाराला त्यांचं एकट्याचं लीव्हाइज स्टेडियम मिळालं. एकच खेळ, नवंकोरं, तरी पूर्वेकडच्या गॅलरीत उन्हाने लोक भाजून निघतात. भागीदार नाही, पण सूर्य आहे.

मिलपिटासकर

बरं, तडजोड: १९६० चा दोष जागेचा, १९७१ चा भागीदारीचा. याहून खाली येणार नाही.

कोथरूडचा_कट्टा

कँडलस्टिकच्या जागेवर आता काय आहे?

सनीवेलचा_सदा

२०१४ च्या ऑगस्टमध्ये पॉल मॅकार्टनीचा शेवटचा कार्यक्रम झाला. १९६६ मध्ये बीटल्सचा शेवटचा तिकीट लावलेला कार्यक्रमही तिथलाच. २०१५ मध्ये पाडलं. स्फोटाने उडवायचा बेत होता, पण आसपासच्या वस्तीला धुळीचा त्रास होईल म्हणून तुकडे करत उतरवलं. मग शॉपिंग सेंटरची घोषणा झाली आणि बारगळली.

पोटोबा

ए'ज सध्या वेस्ट सॅक्रामेंटोत छोट्या लीगच्या टीमच्या मैदानावर खेळतात म्हणे. जुलैच्या उन्हात कोणी गेलंय का? खायला काय मिळतं?

डोंबिवली_ते_डब्लिन

म्हणजे पुन्हा दोन टीम, एक मैदान. पोटोबा, नवीन धागा काढा, इथे आत्या आणि मिलपिटासकर परत सुरू होतील.